‘सनद ७७’ आणि तिचे पाठीराखे

एखाद्या देशांत लोकशाहीचा अस्त झाला म्हणजे प्रथम तुरुंग भरतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिति किंचित् निराळी असते. तुरुंगांत घालावयाचीं माणसें थोडीं असतात. ज्यांची उपजीविका हिरावून घ्यावयाची, ज्यांचीं नांवें पुसून टाकावयाचीं, ज्यांना आपल्याच गांवांत परकें करून सोडावयाचें, अशीं माणसें मात्र हजारोंनीं असतात. त्यांत लेखक, नट, गायक व चित्रकार यांचा क्रमांक बहुधा पहिला लागतो. अशा वेळीं त्यांना आधार देणें म्हणजे काय, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. सभा भरवावी, ठराव मांडावा, निधि जमवावा, एवढेंच उत्तर पुष्कळांस सुचतें. परंतु हा आधार प्रत्यक्षांत कसा दिला जातो, कोण देतो, आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, हें पाहावयाचें झाल्यास चेकोस्लोव्हाकियाच्या १९६८ ते १९८९ या एकवीस वर्षांच्या इतिहासाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

हा देश आज नकाशावर नाहीं. १ जानेवारी १९९३ पासून त्याचीं चेक व स्लोव्हाक अशीं दोन राज्यें झालीं. १९१८ सालीं स्थापन झालेल्या या प्रजासत्ताकानें दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत लोकशाहीचा चांगला अनुभव घेतला होता. १९४८ च्या फेब्रुवारींत कम्युनिस्ट पक्षानें सर्व सत्ता हस्तगत केली. वीस वर्षांनीं, १९६८ च्या वसंत ऋतूंत, त्याच पक्षांतील अलेक्झांडर दुब्चेक व त्यांचे सहकारी यांनीं राज्यकारभार मोकळा करण्याचा उपक्रम आरंभिला. छपाईवरील पूर्वनियंत्रण उठलें. वृत्तपत्रें व नाटकगृहें मनमोकळेपणानें बोलूं लागलीं. हा प्रयोग कांहीं महिनेच टिकला. २० ऑगस्टच्या रात्रीं सोव्हिएत संघ व त्याचीं मित्रराष्ट्रें यांचे रणगाडे सरहद्द ओलांडून आंत आले. पुढील वर्षाच्या एप्रिलांत गुस्ताव हुसाक पक्षाचे सूत्रधार झाले, आणि सरकारनें ज्याला ‘सर्वसाधारण स्थिति पुन्हां आणणें’ असें साळसूद नांव दिलें, तो काळ सुरू झाला.

या काळाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत गाजावाजा फार थोडा होता. लेखकांचा जुना संघ मोडण्यांत आला, नियतकालिकें बंद झालीं, नकोशा ग्रंथकारांचीं पुस्तकें ग्रंथालयांच्या कपाटांतून निघून गेलीं. कालचे प्राध्यापक व संपादक खिडक्यांच्या काचा पुसूं लागले, रात्रपाळीचे पहारेकरी झाले, बॉयलरच्या भट्टींत कोळसा टाकूं लागले. नाटककार वाक्लाव हावेल १९७४ सालीं एका बिअरच्या कारखान्यांत पिंपें हलवीत होते. मार्ता कुबिशोवा ही त्या देशाची अत्यंत आवडती गायिका. १९७० सालीं बनावट छायाचित्रांचें निमित्त करून तिला रंगमंचावरून दूर करण्यांत आलें, आणि पुढें जवळजवळ वीस वर्षें तिला जाहीर रीतीनें गातां आलें नाहीं. शिक्षा घरापर्यंत पोंचत असे. बापाचें वर्तन सरकारला रुचलें नाहीं तर मुलाला महाविद्यालयाचे दरवाजे बंद होत. माणसाला गप्प बसविण्यास बेडीपेक्षां मुलाचें शिक्षण हें साधन अधिक गुणकारी ठरतें, हें त्या राज्यकर्त्यांनीं नेमकें ओळखलें होतें.

अशा स्थितींत आधाराची पहिली पायरी बांधली गेली ती टाइपरायटरवर. लुद्विक वात्सुलीक या कादंबरीकारानें ‘पेत्लित्से’ नांवाची एक ग्रंथमाला चालविली; त्या शब्दाचा अर्थ दाराची कडी असा आहे. छापखान्याचें दार बंद, म्हणून ही कडी. पातळ कागद आणि कार्बन यांचे थर यंत्रांत घालून एका वेळीं दहा-बारा प्रती काढीत. वरची प्रत ठळक येई, तळची डोळे ताणून वाचावी लागे. प्रतींना पुठ्ठा घालीत, लेखक त्यांवर सही करी, आणि या हस्तलिखिताची आणखी नक्कल करण्यास सक्त मनाई आहे, अशी सूचना आरंभीं घालण्यांत येई. त्या सूचनेंत मोठी मख्खी होती. आपलें हस्तलिखित मित्राला वाचावयास देणें म्हणजे प्रकाशन नव्हे, असा बचाव न्यायालयांत करतां यावा, हा तिचा हेतु. वाचक मात्र ती सूचना खुशाल मोडीत, आणि रात्रभर बसून आणखी दहा प्रती तयार करीत. अशा रीतीनें साडेतीनशेंहून अधिक पुस्तकें या एका मालेंतून बाहेर पडलीं. तुकोबांच्या वह्या पाण्यावर तरल्याची कथा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. प्राग शहरांत वह्या तारण्याचें काम टंकलेखन करणाऱ्या स्त्रियांच्या बोटांनीं केलें. ग्रंथकाराचें नांव प्रतीवर असे, पण त्या स्त्रियांचें बहुधा नसे. झडती आली तर यंत्र मात्र त्यांच्याच घरांतून जप्त होई.

तथापि एवढ्यानें कसोटी पुरी झाली नव्हती. आपल्यासारख्या अभिरुचीच्या माणसास मदत करणें कठीण नसतें. खरी परीक्षा १९७६ सालीं आली. ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ असें विचित्र नांव धारण करणारा रॉक संगीताचा एक वाद्यवृंद प्रागमध्यें १९६८ पासून होता. लांब केस, कर्कश वाद्यें, कांहीं पद्यांतून सभ्य कानांस न मानवणारे शब्द, असा सगळा थाट. १९७० सालीं त्यांचा धंद्याचा परवाना गेला. तेव्हांपासून हीं मुलें खेड्यांतून, लग्नसमारंभाच्या आडोशानें आपलें संगीत वाजवीत. इव्हान यिरोउस हे कलेतिहासाचे अभ्यासक त्यांचे मार्गदर्शक होते. १९७६ च्या फेब्रुवारींत यिरोउस यांच्याच लग्नानिमित्त बोयानोव्हित्से गांवीं असा जलसा झाला. मार्चांत पोलिसांनीं एकामागून एक अनेक वादकांस व त्यांच्या मित्रांस पकडलें. आरोप राजद्रोहाचा नव्हता, तो होता दंगेखोरीचा. सरकारची ही युक्ति धूर्त होती. कवीला तुरुंगांत टाकलें तर जग विचारील. चार उनाड पोरांना टाकलें तर कोण विचारणार?

आश्चर्य हें कीं, विचारणारे निघाले, आणि ते अगदीं अनपेक्षित गोटांतून. यान पातोच्का हे हुसर्ल या विख्यात तत्त्वज्ञाचे शिष्य, वयानें सत्तरीच्या उंबरठ्यावर. कवि यारोस्लाव सायफर्ट, ज्यांना १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मिळावयाचें होतें, ते पंचाहत्तरीला आलेले. या दोघांच्या पिढीला तें संगीत गोड लागण्याचा संभव नव्हता. तरीहि हावेल, वात्सुलीक प्रभृति लेखकांबरोबर त्यांनीं त्या वर्षींच्या ऑगस्टांत हाइन्रिख ब्योल या जर्मन कादंबरीकारास अनावृत पत्र लिहून या तरुणांची बाजू मांडली. यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. नामवंताला त्याच्या नांवाचें कवच असतें. अनामिकाला कायद्यावांचून दुसरें कवच नसतें. आज गाणें हा दंगा ठरला, तर उद्यां कविता हा दंगा ठरेल, आणि परवां घरांत चार मित्र जमणें हाहि. म्हणून गाणें चांगलें कीं वाईट, हा प्रश्न त्यांनीं बाजूस ठेविला. गाणें आवडत नसतांहि गाणाऱ्याच्या हक्कासाठीं उभें राहणें, ही लोकशाहीच्या संरक्षणाची खरी खूण होय.

सप्टेंबरांत प्राग येथें खटला झाला. यिरोउस यांस दीड वर्षाची, पावेल झायीचेक यांस एक वर्षाची, आणि स्वातोप्लुक कारासेक व व्रातिस्लाव ब्राबेनेत्स या दोघांस प्रत्येकीं आठ महिन्यांची शिक्षा झाली. पण न्यायालयाच्या बाहेरच्या ओट्यावर व जिन्यांत याहून महत्त्वाची गोष्ट घडली. पक्षांतून हांकललेले जुने कम्युनिस्ट, ख्रिस्ती धर्मोपदेशक, तत्त्वज्ञ, नट आणि लांब केसांचे तरुण, एरवीं एकमेकांकडे ढुंकूनहि न पाहणारे हे लोक तेथें एकत्र ताटकळत उभे राहिले. एकमेकांची ओळख झाली. या ओळखींतूनच ‘सनद ७७’ जन्मास आली.

या सनदेंत नवी कांहींच मागणी नव्हती, हें तिचें मोठें सामर्थ्य. १ ऑगस्ट १९७५ रोजीं हेलसिंकी येथें ३५ राष्ट्रांनीं जो करार केला, त्यावर चेकोस्लोव्हाकियाचीहि सही होती. संयुक्त राष्ट्रसंघाचे मानवी हक्कांविषयींचे दोन करार १९७६ च्या ऑक्टोबरांत त्या देशाच्या कायद्यांच्या अधिकृत संग्रहांत छापले गेले होते. सनदेनें सरकारास इतकेंच म्हटलें कीं, जें आपण स्वतः छापलें, तें पाळावें. विचारस्वातंत्र्य, शिक्षणाचा हक्क, धर्माचरणाची मोकळीक हीं कागदावर आहेत. व्यवहारांत कोठें मोडतात, त्याचीं उदाहरणें तीमध्यें दिलीं होतीं. सनद १ जानेवारी १९७७ या तारखेची. प्रथम सह्या करणारे सुमारें २४० लोक होते. संस्था नाहीं, नियमावलि नाहीं, वर्गणी नाहीं. पातोच्का, हावेल आणि १९६८ सालचे परराष्ट्रमंत्री यिरी हायेक हे तिघे तिचे प्रवक्ते, एवढीच तिची घडण. ६ जानेवारीस हावेल, वात्सुलीक व नट पावेल लांदोव्स्की हे ती सनद पोंचती करण्यासाठीं मोटारींतून निघाले असतां पोलिसांनीं पाठलाग करून त्यांस अडविलें. परंतु तोंवर मजकूर परदेशीं गेला होता, आणि पश्चिमेकडील मोठ्या वृत्तपत्रांनीं तो प्रसिद्ध केला.

देशांतील वृत्तपत्रांनीं सनदेवर शिव्याशापांचा भडिमार केला. सनद मात्र एका ओळीनेंहि छापली नाहीं. त्यानंतर सरकारनें जें केलें, तें या विषयाच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. २८ जानेवारी १९७७ रोजीं प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहांत देशांतील नामांकित कलावंतांस जमविण्यांत आलें. यिर्झिना श्वोर्त्सोवा या अभिनेत्रीनें सरकारनिष्ठेचें निवेदन वाचलें आणि उपस्थितांनीं सह्या केल्या. आठवडाभरानें लोकप्रिय गायकवादकांचीहि अशीच सभा झाली. पुढें पक्षाच्या मुखपत्रांत दिवसेंदिवस नांवांच्या याद्या येत राहिल्या. सह्यांची संख्या हजारोंवर गेली. ज्या कागदाचा धिक्कार करावयाचा, तो यांतील पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलासुद्धां नव्हता.

या कलावंतांस दोष देणें सोपें आहे. त्यांच्या पाठीमागें संसार होते, मुलें होतीं, मिळालेल्या भूमिका होत्या. सही न केल्यास दुसऱ्या दिवशीं काय होईल, हें त्यांना शेजाऱ्याच्या उदाहरणावरून ठाऊक होतें. परंतु या प्रसंगानें एक गोष्ट उघड केली. दडपशाही करणारें सरकार कलावंतास जितकें भितें, तितकीच त्याच्या होकाराची त्यास गरज असते. सैन्य, पोलीस, तुरुंग हीं सर्व हातीं असतां नटनट्यांच्या सह्या कशास हव्यात ? कारण लोकांच्या मनावर अधिकार कोणाचा चालतो, हें सरकारला पुरतें ठाऊक असतें.

सनदेची पहिली मोठी किंमत पातोच्का यांनीं दिली. पोलिसांच्या दीर्घ चौकशा लागोपाठ झाल्या. म्हाताऱ्याची प्रकृति ढासळली आणि १३ मार्च १९७७ रोजीं रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. ब्रेव्ह्नोव्ह येथील दफनभूमींत त्यांस निरोप देण्यास लोक जमले, तेव्हां वर हेलिकॉप्टर घिरट्या घालीत होतें आणि जवळच मोटारसायकलींचीं यंत्रें मुद्दाम घरघरत ठेविलीं होतीं, म्हणजे अखेरचे शब्दहि कोणाच्या कानीं पडूं नयेत. मेलेल्या तत्त्वज्ञाची एवढी धास्ती !

यापुढील काम धैर्यापेक्षां चिकाटीचें होतें. २७ एप्रिल १९७८ रोजीं ‘अन्यायानें खटले भरलेल्यांच्या बचावाची समिति’ स्थापन झाली. तिचें कार्य वरून पाहतां अगदीं कारकुनी थाटाचें. अमक्यास पकडलें, आरोप अमुक, न्यायालय अमुक, शिक्षा इतकी, मागें कुटुंब असें, एवढी माहिती पडताळून एका कागदावर टाइप करावयाची आणि सर्वत्र पाठवावयाची. अशीं हजाराहून अधिक पत्रकें १९८९ पर्यंत निघालीं. ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं अशा गिरणीकामगाराचा किंवा पोरसवदा गायकाचा खटला आतां अंधारांत उरकतां येईना. न्यायालयांत आंत सोडलें नाहीं तरी दाराशीं कोणी तरी उभें असे. कैद्याच्या बायकोला कोणी तरी चार पैसे नेऊन देई. या समितीच्या सभासदांसहि सरकारनें सोडलें नाहीं. १९७९ च्या ऑक्टोबरांत सहाजणांवर खटला झाला. पेत्र उल यांस पांच वर्षांची, हावेल यांस साडेचार वर्षांची, वाक्लाव बेंदा यांस चार वर्षांची सजा झाली. समितीचें काम मात्र इतरांनीं पुढें चालविलें. एक लेखणी हिसकावली तर दुसरी तयार, अशी व्यवस्था आधींच होती.

नाटकाचीहि अशीच सोय झाली. रंगमंच बंद झालेली अभिनेत्री व्लास्ता ख्रामोस्तोवा हिनें आपल्या बिऱ्हाडांतील बैठकीच्या खोलींत प्रयोग सुरू केले. सामान एका पेटींत मावे. नट मोजके, प्रेक्षक खुर्च्यांवर व जमिनीवर दाटीवाटीनें बसलेले. १९७८ सालीं तेथें शेक्सपिअरचें ‘मॅक्बेथ’ संक्षिप्त रूपांत झालें. खून करून गादीवर बसलेल्या राजाची ती कथा त्या खोलींत बसून पाहणारास कोणी टीप लिहून समजावून देण्याची आवश्यकता नव्हती.

आतां बाहेरच्या मदतीविषयीं. परदेशांतील सहानुभूति हें दुधारी शस्त्र असतें. ती मिळाली नाहीं तर माणूस एकटा पडतो. मिळाली तर सरकार त्यास परक्यांचा हस्तक ठरवितें. चेक लोकांच्या बाबतींत ही मदत उपयोगी पडली, याचें कारण तिचें स्वरूप. काय लिहावयाचें हें प्रागमध्यें ठरे. बाहेरच्यांनीं तें जतन करावयाचें, छापावयाचें, परत पोंचवावयाचें. योसेफ श्क्वोरेत्स्की व त्यांच्या पत्नी स्देना सालिवारोवा यांनीं १९७१ सालीं टोरोंटो येथें प्रकाशनसंस्था काढून देशांत बंदी असलेलीं चेक पुस्तकें दोनशेंहून अधिक संख्येनें छापलीं. पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ फ्रांतिशेक यानोउख यांनीं १९७८ सालीं स्टॉकहोम येथें ‘सनद ७७’ च्या नांवानें निधि उभारला. त्यांतून कैद्यांच्या कुटुंबांस पैसे जात आणि नकला काढण्याचीं यंत्रें गुप्तपणें आंत पोंचत. ऑक्सफर्डच्या अध्यापकांनीं १९८० सालीं यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या नांवें एक मंडळ स्थापिलें, आणि पाहुणे म्हणून प्रागमध्यें जाऊन खाजगी घरांतून तत्त्वज्ञानाचे वर्ग घेतले. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांस १९८१ च्या डिसेंबरांत अशाच भेटीनंतर अमली पदार्थांचा खोटा आळ घेऊन पकडण्यांत आलें. परकी पाहुणा थोड्या दिवसांत सुटून घरीं गेला. ज्यांच्या घरीं वर्ग भरत त्यांना मात्र कोठें जावयाचें नव्हतें. त्याच वर्षींच्या एप्रिलांत पुस्तकें घेऊन येणारी एक फ्रेंच मोटारगाडी सरहद्दीवर सांपडली, आणि तिच्यापायीं देशांतील कितीक जणांस तुरुंगाची वाट धरावी लागली. बाहेरच्या मदतनिसानें हा फरक कधींहि विसरूं नये.

या मदतींत नभोवाणीचा वांटा विशेष आहे. कार्बनच्या दहा प्रती शंभर माणसें वाचतील; म्यूनिकहून चालणाऱ्या ‘फ्री युरोप’ या चेक भाषेंतील ध्वनिक्षेपणानें तेच मजकूर वाचून दाखविले म्हणजे ते लाखोंच्या कानांवर जात. सरकार त्या लहरींवर खरखर सोडी. लोक खिडक्या लावून, यंत्राला कान भिडवून ऐकत. अशा रीतीनें प्रागमध्यें लिहिलेला कागद म्यूनिकला वळसा घालून पुन्हां प्रागच्या स्वयंपाकघरांत येई.

इतकें होऊनहि सनदेवर सह्या करणारांची संख्या १९८९ पर्यंत दोन हजारांच्या आंतच राहिली. देशाची वस्ती दीड कोटि. संख्येकडे पाहणारास हा उद्योग निष्फळ वाटला असता. पण त्याचें फळ दुसरीकडे पिकत होतें. १९८९ च्या जानेवारींत हावेल यांस पुन्हां पकडलें, तेव्हां सुटकेची मागणी करणाऱ्या अर्जावर सरकारी नाट्यगृहांतील शेंकडों कलावंतांनीं आपल्या नांवानिशीं सह्या केल्या. जूनअखेर निघालेल्या ‘कांहीं वाक्यें’ नांवाच्या निवेदनावर शरदऋतूपर्यंत सुमारें चाळीस हजार लोकांनीं सही केली. १७ नोव्हेंबरास प्रागमध्यें विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. दुसऱ्या दिवशीं नाट्यगृहांनीं संप पुकारला. पडदा वर गेला, पण नटांनीं नाटक न करतां विद्यार्थ्यांचें पत्रक वाचलें. १९७७ सालीं ज्या व्यवसायानें भीतीनें सह्या दिल्या होत्या, त्याच व्यवसायानें बारा वर्षांनीं आपलीं सभागृहें नागरिकांस सभेसाठीं खुलीं केलीं. १९ तारखेस एका नाट्यगृहांतच ‘नागरिक मंच’ स्थापन झाला. त्याच आठवड्यांत वाक्लाव चौकांतील एका गच्चीवरून मार्ता कुबिशोवाचा आवाज पुन्हां लोकांनीं ऐकला. २९ डिसेंबरास पिंपें हलविणारा नाटककार राष्ट्राध्यक्ष झाला.

टाइपरायटरनें साम्राज्य उलथलें, असें मात्र कोणी समजूं नये. मॉस्कोमधील गोर्बाचेव्ह यांचें बदललेलें धोरण, पोलंड व हंगेरी येथील उलथापालथी, ९ नोव्हेंबरास मोकळी झालेली बर्लिनची भिंत, यांवांचून प्रागमधील तो दिवस इतक्या लवकर उगवला नसता. पातोच्का यांना तो पाहावयास मिळाला नाहीं, आणि सही करतांना यश येईल असें आश्वासन कोणासहि मिळालेलें नव्हतें. या पाठीराख्यांनीं साधलें तें निराळें. संधि आली तेव्हां एकमेकांवर विश्वास ठेवणारीं माणसें तयार होतीं. कोणावर कोणता अन्याय झाला, त्याची नोंद तयार होती. आणि वीस वर्षें न छापलेलें वाङ्मय नष्ट न होतां शिल्लक होतें.

म्हणून अशा काळांत कलावंताचा पाठीराखा व्हावयास मोठा अधिकार लागतो असें नाहीं. प्रत उतरून काढणारा, खटल्याच्या दिवशीं दाराशीं उभा राहणारा, नांव बिनचूक लिहून ठेवणारा, कैद्याच्या मुलास शाळेचीं पुस्तकें देणारा, हे सर्व त्याच कामाचे धनी होत. प्रागमध्यें १९९० सालीं यिरी ग्रुंटोराड यांनीं, ज्यांनीं अशाच पुस्तकांपायीं चार वर्षांचा तुरुंगवास सोसला होता, ‘लिब्री प्रोहिबिती’ म्हणजे ‘निषिद्ध ग्रंथ’ या नांवाचें ग्रंथालय स्थापन केलें. टाइप केलेल्या त्या हजारों वह्या तेथें संग्रहीं आहेत. कांहींचा कागद पिवळा पडला आहे, आणि तळच्या प्रतींचीं अक्षरें फिकीं आहेत; पण डोळे थोडे ताणले म्हणजे तींहि वाचतां येतात.